भाड्याच्या घरातले भाऊ

प्रश्न अगदी साधा होता. "मग फॉर्मलला तू कोणाला घेऊन जाणार?" फॉर्मल म्हणजे नटूनथटून, जोडीने जायची कॉलेजातली पार्टी. विचारणाऱ्या काकी गुजराती, मोकळ्या स्वभावाच्या, हातात कागदी प्लेट आणि प्लेटमध्ये अर्धा समोसा. खोलीतल्या एकेका मुलाला त्या हेच विचारत चालल्या होत्या आणि एकेक जण लाजत, हसत कुणा ना कुणा मुलीचं नाव घेत होता. माझ्या भाच्याची पाळी आली. त्याने तोंड उघडायच्या आत शेजारचा उंच मुलगा म्हणाला, "काकी, तुमचा चहा गार झाला, दुसरा आणतो." त्याच क्षणी दुसऱ्याने स्पीकरवरचं गाणं बदललं. तिसरा काकींना भिंतीपाशी घेऊन गेला, "या फोटोत तुमचा मुलगा ओळखून दाखवा बघू." अर्ध्या मिनिटात तो प्रश्न खोलीतून निघून गेला. कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं, डोळ्यांनी खुणावलं नव्हतं. भाचा ग्लासातला बर्फ हलवत उभा होता. क्षणभर वर गेलेले त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

हे सगळं फार सराईतपणे झालं.

मी तिथे होते ती ताईच्या वतीने. टेक्सासमधल्या कॉलेजांत वसंतात 'मॉम्स वीकेंड' असतो, मुलांच्या आया येतात, मुलं आपलं घर आवरून त्यांना जेवायला घालतात. ताई न्यू जर्सीत, तिला ऐनवेळी सुट्टी मिळाली नाही. "तू जा गं, मी काय आणि तू काय," म्हणाली. मग मी ह्यूस्टनजवळच्या केटीहून निघाले. मार्चची अखेर होती, हायवेच्या दोन्ही कडांना ब्लूबॉनेटचे निळे पट्टे, वाटेत बकीजला कॉफीसाठी थांबणं, मागच्या सीटवर त्याच्या आवडीच्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. फ्रॅटर्निटी, म्हणजे एकमेकांना भाऊ म्हणवणाऱ्या कॉलेजातल्या मुलांचं मंडळ, म्हटलं की सिनेमात पांढऱ्या खांबांचा वाडा दिसतो, तसलं काही यांच्याकडे नाही. शंभर वर्षांचे माजी विद्यार्थी आणि त्यांच्या देणग्या देसी मुलांच्या फ्रॅटर्निटीच्या मागे उभ्या नसतात. चारपाच जण मिळून गावात एक घर भाड्याने घेतात आणि तेच सगळ्यांचं घर होतं. कार्पेटमध्ये मुरलेला बियरचा वास, त्यावर डिओ, त्यावर खास त्या दिवसापुरती लावलेली मोगऱ्याची उदबत्ती. सिंकखाली घाईघाईने कोंबलेल्या काळ्या पिशव्या. भिंतीवर ओळीने टांगलेली लाकडी पॅडल्स. नव्या भावाने आपल्या 'बिग'साठी, म्हणजे त्याला सांभाळून घेणाऱ्या थोरल्या भावासाठी, ते स्वतःच्या हाताने रंगवून द्यायचं असतं. भाच्याला त्याच्या 'लिटल'कडून, म्हणजे तो ज्याचा बिग आहे त्या धाकट्या भावाकडून, मिळालेल्या पॅडलवर ग्रीक अक्षरांच्या खाली वारली पद्धतीचा तारप्याचा फेर काढलेला होता, पांढऱ्या रंगात, एकमेकांच्या कमरेत हात घातलेली काडीची माणसं. "तो तेलुगू आहे," भाचा म्हणाला, "यूट्यूबवर बघून शिकला. मला म्हणाला, तुमच्याकडचं काहीतरी हवं होतं." फेरातली दोन माणसं किंचित मोठी होती आणि दोघांच्याही डोक्यावर फेटा होता. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

परतीच्या वाटेवर मला उंच मुलाचा तो आवाज ऐकू येत राहिला. चहा गार झाला. एवढ्याशा पोराने किती पटकन ते म्हटलं होतं. एकीकडे पोटात माया दाटून येत होती, की या मुलाला एवढी जपणारी माणसं मिळाली आहेत. दुसरीकडे काहीतरी बोचत होतं. मी त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय, त्याचा पहिला दात मी पाहिलाय, आणि त्याच्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट या सगळ्यांना ठाऊक होती, मला नव्हती. त्याहीपेक्षा एक गोष्ट मनातून जाईना. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना या कामाची इतकी तालीम का झालेली असावी?

त्याने मला सांगितलं ते उन्हाळ्यात. तो ह्यूस्टनला इंटर्नशिपला आला होता, आमच्याकडेच राहायचा. एचईबी या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, स्टिअरिंगला हात लावला की चटका बसावा अशा दुपारी, गाडी सुरू करता करता म्हणाला, "मावशी, तुला कळलंय ना?"

"हो."

"कधी?"

"चहा गार झाला तेव्हा."

तो खूप वेळ हसला, मग डोळे पुसले आणि म्हणाला, "आईला आत्ता नको सांगूस. मी सांगेन. माझं मी सांगेन."

त्या उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर तो ओट्यापाशी उभा राहून बोलत राहायचा आणि मी ऐकत राहायचे. त्याच्या बोलण्यातून मला 'रश' नावाचा प्रकार पहिल्यांदा नीट कळला. सेमिस्टरच्या सुरुवातीला काही दिवस मेळावे, जेवणं, खेळ, गप्पा. नवी मुलं घराघरांतून फिरतात, जुनी मुलं त्यांना पारखतात, आणि शेवटी बंद दाराआड बसून एकेका नावावर मतं पडतात. ज्याला घ्यायचं त्याला 'बिड', म्हणजे आत यायचं निमंत्रण, मिळते, ज्याला नाही त्याला काहीच मिळत नाही. कारण कोणी सांगत नाही. आपल्याकडे मुलगी बघून गेल्यावर आठ दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" असा निरोप यायचा आणि घरातली सगळी माणसं रंग, उंची, हुंडा, सगळ्यावर विचार करून थकायची, पण खरं कारण कधी कळायचं नाही, तसं हे. गे मुलाला नकार मिळाला तर तो त्याच्या गे असण्यामुळे मिळाला की तो कंटाळवाणा वाटला म्हणून, हे त्याला आयुष्यभर कळणार नसतं. म्हणून तो आधीच स्वतःला कापून-छाटून घेतो. "हात कमी हलवायचे, हे मी स्वतःला शिकवलं होतं," भाचा म्हणाला. "हसताना मान मागे टाकायची नाही. शर्ट साधा. कोणी क्रश विचारली तर एक नाव तयार ठेवायचं, खरी मुलगी, दुसऱ्या कॉलेजातली, म्हणजे कोणी पडताळून बघणार नाही." सांगताना त्याचे हात मोकळे हलत होते, ओट्यावरचा चमचा त्याने दोनदा पाडला.

या अमेरिकन पद्धतीला मुळं लांबवर आहेत. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' निघाली, ते पहिलं ग्रीक अक्षरांचं मंडळ. १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात आजच्या धर्तीच्या फ्रॅटर्निट्या सुरू झाल्या. तेव्हापासून प्रत्येक पिढीत कोणीतरी दाराबाहेर उभं राहिलेलं दिसतं, आणि त्यांनी शेवटी आपलं वेगळं घर बांधलेलं दिसतं. १९०६ मध्ये कॉर्नेलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली. १९८६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गे तरुणांनी 'डेल्टा लॅम्डा फाय' काढली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या दक्षिण आशियाई समलैंगिक मंडळींनी 'त्रिकोण' ही संघटना सुरू केली होती. २००३ मध्ये ॲरिझोना स्टेटमध्ये क्वीअर मुलींची 'गॅमा रो लॅम्डा' आली. आणि आपल्या लोकांच्या मुलांनी १९९८ मध्ये, ऑस्टिनला मुलांची 'डेल्टा एप्सिलॉन साय' आणि ह्यूस्टनला मुलींची 'डेल्टा फाय ओमेगा'. माझ्या भाच्यासारख्या मुलाची अडचण अशी, की त्याला यातल्या दोन दारांतून एकदम आत जायचं होतं. मी त्याला विचारलंही, की तू गे मुलांचीच फ्रॅटर्निटी का नाही शोधलीस? तो म्हणाला, "मावशी, देसी घरात रात्री दोनला कोणीतरी मॅगी करत असतं. कोणाच्याही आईचा फोन आला की सगळे गप्प होतात, म्युझिक बंद होतं. मला ते हवं होतं. मी तिथलाही आहे ना?"

१९९८ हे वर्ष मला विसरता येत नाही, कारण मी त्याच वर्षी लग्न होऊन इथे आले. सन २००० साठी कॉम्प्युटर दुरुस्त करायची, वायटूकेची घाई होती, आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या तेलुगू आणि मराठी इंजिनिअरांच्या. नवरा ऑफिसला गेला की मी दिवसभर टीव्ही लावून ठेवायचे, इंग्रजी कानावर पडावं म्हणून. ऑक्टोबरात त्या टीव्हीवर वायोमिंगमधल्या लॅरमीचा मॅथ्यू शेपर्ड दिसायला लागला. विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा गे मुलगा, मारहाण करून गावाबाहेर कुंपणाला बांधून टाकलेला. ज्या सायकलस्वाराला तो सापडला त्याला आधी ते बुजगावणं वाटलं होतं. त्याला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या हॉस्पिटलात नेलं. तो तिथे शेवटचे श्वास घेत असताना त्याच गावात कॉलेजच्या होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची, मिरवणूक निघाली, आणि एका फ्रॅटर्निटीच्या सजवलेल्या गाडीवर एक बुजगावणं होतं, त्याच्यावर गे लोकांची टर उडवणारं लिहिलेलं. १२ ऑक्टोबरला तो मुलगा गेला. मला तेव्हा फ्रॅटर्निटी या शब्दाचा अर्थही माहीत नव्हता. एवढंच कळलं, की ही कॉलेजातली मुलं आहेत, एकमेकांना भाऊ म्हणवतात, आणि रंगीत कागद, गवत, चिकटपट्टी घेऊन त्यांनी रात्र जागून हे तयार केलं असणार. कोणीतरी गवत भरलं असेल, कोणीतरी अक्षरं काढली असतील. त्यांच्यातही नक्की एखादा असा मुलगा असेल, ज्याने ती अक्षरं वाचली आणि आपलं नाव आत आत ढकलून दिलं. ऑस्टिनला देसी मुलांची फ्रॅटर्निटी स्थापन झाली त्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

दुसरी आठवण ताईच्या घरची. २०१०, पितृपक्षाचे दिवस, मी जर्सीला गेले होते. रटगर्सच्या टायलर क्लेमेंटीची बातमी नुकतीच आली होती. अठरा वर्षांचा मुलगा, व्हायोलिन वाजवणारा, कॉलेज सुरू होऊन महिना झालेला. हॉस्टेलच्या खोलीतल्या त्याच्या खासगी क्षणांत रूममेटने वेबकॅमवरून डोकावलं होतं आणि ट्विटरवर त्याचा गाजावाजा केला होता. त्यानंतर टायलरने जीव दिला. रूममेट भारतीय वंशाचा, अगदी आपल्यासारख्या घरातला. ताईकडे जमलेल्या मंडळींत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. पोराचं करिअर, ग्रीनकार्ड, हद्दपारी, वकिलाची फी, सगळं बोलून झालं. "मुलांच्या खोड्या असतात," असंही एक काका म्हणाले. गेलेल्या मुलाबद्दल फार थोडं बोललं गेलं. आमचा भाचा तेव्हा पाचेक वर्षांचा, सोफ्याखाली गाड्या फिरवत होता. आज मला वाटतं, त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने आपलं मूल रूममेटच्या जागी कल्पिलं होतं. आपलं मूल टायलरच्या जागीही असू शकतं, हे कोणाच्या मनाला शिवलं नव्हतं. आणि सोफ्याखालची पोरं मोठ्यांचं सगळं ऐकत असतात.

पुण्यात माझ्या हॉस्टेलवर कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत दोन मुली राहायच्या. एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या, एकाच ताटात जेवायच्या. मेसच्या बाईंपासून सगळे कुजबुजत असत. एके दिवशी एकीचे वडील साताऱ्याकडून आले, रेक्टरच्या खोलीत अर्धा तास बसले, आणि ती ट्रंक घेऊन रिक्षात बसून गेली. परीक्षा महिन्यावर आली होती. दुसरी पुढे कित्येक दिवस दोन बादल्या भरायची, एक स्वतःची आणि एक सवयीने. त्या वेळी पुण्यात असं कोणीच नव्हतं, ज्याला जाऊन विचारावं. बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला तो २००२ साली. त्या मुलीच्या वडिलांना कोणी चहा विचारून दोन मिनिटं दुसरीकडे नेलं असतं, रेक्टरला कोणी म्हटलं असतं की परीक्षेपर्यंत राहू द्या, तर पुढे काय झालं असतं मला ठाऊक नाही. पण निदान परीक्षा झाली असती.

भाच्याने पहिल्यांदा सांगितलं ते त्याच्या बिगला, एका मल्याळी मुलाला. तो उंच मुलगा तोच. रात्री घराच्या मागच्या पायरीवर बसून सांगितलं. "आणि मग तो काय म्हणाला?" मी विचारलं. मला वाटलं होतं, मिठी मारली असेल, आम्हाला काही फरक पडत नाही वगैरे म्हणाला असेल. त्याने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. कोणाला कळलेलं चालेल? आणि कोणाला कळता कामा नये?

मला त्या मल्याळी पोराचा हेवा वाटतो, इतकं नेमकं त्याने विचारलं. गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटीत एखाद्याने भावांना सांगितलं तर गोष्ट बहुधा त्या गावात राहते. देसी मुलांचं तसं नसतं. एका भावाची आई ताईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दुसऱ्याची मामेबहीण डॅलसला ताईच्या नणंदेच्या शेजारी, तिसऱ्याच्या लग्नात चौथ्याचे आईवडील. एक फोटो इन्स्टाग्रामवर गेला की संध्याकाळपर्यंत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किराणा दुकानात पोचतो. म्हणून त्या घराने हळूहळू स्वतःचे नियम केले. विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो टाकायचा नाही. कोणाबद्दलही घरी आईशी बोलताना फक्त तेवढंच बोलायचं जेवढं त्याने स्वतः सांगितलं असेल. फॉर्मलच्या ऑनलाइन अर्जात 'डेटचं नाव' असा रकाना होता, तो 'पाहुण्याचं नाव' झाला. सॉरॉरिटीबरोबरच्या, म्हणजे मुलींच्या मंडळाबरोबरच्या, मेळाव्यात मुलामुलींच्या जोड्या लावायचा एक खेळ होता, तो बंद झाला. एका जुन्या घोषणेत शिवी होती, गे मुलांना देतात ती. तिच्यावरून मीटिंग रात्री दीडपर्यंत चालली. एका माजी विद्यार्थ्याने लांबलचक ईमेल लिहिलं, परंपरा मोडू नका म्हणून. जे घर जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचं आहे त्याची कसली आली परंपरा, असं मी म्हणाले, पण भाचा म्हणाला की त्या माणसाला खरंच वाईट वाटलं होतं, त्याची तरुणपणाची सगळी आठवण त्या घोषणेत होती. तरी ती घोषणा गेली. आणि सगळंच गोड झालं असंही नाही. एका भावाने भाच्याबरोबर खोलीत राहायला नकार दिला, तोंडावर. उंच मुलाने आपली गादी उचलली आणि भाच्याच्या खोलीत आणून टाकली, प्रश्न मिटला. नकार देणाऱ्याचं आणि भाच्याचं आजही फारसं बोलणं नाही.

या संस्थांबद्दल माझ्या मनात आजही शंका आहेत. गुप्त मतदान, दारू, नव्या मुलांना छळायची रीत, यातलं काही मला पटत नाही आणि पटेल असं वाटत नाही. कायद्याचा हातही तिथे तोकडा पडतो. शिक्षणात लिंगभेद करू नये असं सांगणारा टायटल नाईन हा कायदा १९७२ चा, पण दोनच वर्षांनी त्यातून फ्रॅटर्निटी-सॉरॉरिटीच्या सभासदत्वाला सूट मिळाली. कोणाला आत घ्यायचं हे त्यांचं ते ठरवतात. याची दुसरी बाजू मला बऱ्याच उशिरा दिसली. त्यांचं त्यांनी ठरवायचं असल्यामुळे, चांगलं ठरवायलाही त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. इंडियाना विद्यापीठात ब्लूमिंग्टनला शेन विंडमायर यांनी १९९५ मध्ये 'लॅम्डा टेन' नावाचं काम सुरू केलं. फ्रॅटर्निट्या-सॉरॉरिट्यांतल्या समलैंगिक मुलामुलींचे अनुभव गोळा करायचे, ज्यांना मदत करायची आहे त्यांच्या हाती माहिती द्यायची. ते स्वतः फ्रॅटर्निटीत राहिलेले. त्याआधी प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाला वाटत असे, आपल्या घरात आपण एकटेच. २०१३ मध्ये बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजात एका ट्रान्स मुलाच्या शस्त्रक्रियेला विम्याने आधी नकार दिला, तेव्हा त्याच्या फ्रॅटर्निटीतल्या भावांनी इंटरनेटवर पैसे मागितले आणि मागितले त्याच्या कितीतरी पट जमले. २०२२ मध्ये त्याच लॅरमीत, त्याच वायोमिंग विद्यापीठात, एका सॉरॉरिटीने ट्रान्स मुलीला मत देऊन आत घेतलं. तिथल्याच काही मुली त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला, की खासगी संस्थेने आपल्या सभासदत्वाचे नियम कसे लावायचे यात कोर्ट पडणार नाही. ती मुलगी त्या काळात कशी जेवत असेल, कोणाच्या शेजारी बसत असेल, कोण तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवत असेल, हे कोर्टाच्या कागदांत नसतं. मला तेच जाणून घ्यावंसं वाटतं.

इथे टेक्सासमध्ये हा प्रश्न आता जास्त जवळचा झाला आहे. १ जानेवारी २०२४ पासून 'एसबी १७' हा कायदा लागू झाला आणि सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं बंद झाली. ह्यूस्टन विद्यापीठाचं एलजीबीटीक्यू रिसोर्स सेंटर त्याच्या आधीच, २०२३ मध्ये बंद झालं होतं. ऑस्टिनच्या जेंडर अँड सेक्शुॲलिटी सेंटरचं आधी नाव बदललं, मग तेही राहिलं नाही. जिथे एखादा घाबरलेला मुलगा दार ढकलून आत जाऊ शकत होता, सोफ्यावर बसू शकत होता, एखादी मोठी बाई त्याला पाणी विचारू शकत होती, ती खोलीच गेली. पण त्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संघटना येत नाहीत. मीटिंगमध्ये रात्री दीडपर्यंत भांडून एक घोषणा बदलणारी ही पोरं, अर्जातला एक रकाना बदलणारी, गादी उचलून नेणारी, त्यांना अजून कोणी थांबवू शकत नाही. वीस वर्षांच्या मुलांवर एवढा भार पडावा हे मला बरोबर वाटत नाही. ज्यांना त्यासाठी पगार मिळत होता, ज्यांनी त्याचं शिक्षण घेतलं होतं, त्यांचं हे काम होतं. ती माणसं आता तिथे नाहीत, म्हणून या मुलांच्या पाठीशी आपण मोठ्यांनी उभं राहायला हवं, असं मी आमच्या मराठी मंडळात भेटेल त्याला सांगते. मूल कॉलेजला निघालं की आपण मेसचं, मेजरचं, गाडीच्या इन्शुरन्सचं विचारतो. रशला जाणार असेल तर त्या घरात गे मुलं मोकळेपणी राहतात का, एवढं विचारून बघा. आपलं मूल गे नसलं तरी. असा प्रश्न विचारणारं घर त्याच्या कायम लक्षात राहतं.

एक गोष्ट मी भाच्याशी बरेच दिवस वाद घालून बोलत होते. मला वाटायचं, ते चहाचं, गाण्याचं, फोटोचं जे काही त्यांनी केलं, ते झाकणंच झालं ना? मदत म्हणून केलेलं असलं तरी? खोलीतल्या सगळ्यांनी मिळून त्याचं असणं काकींपासून लपवलं. "झाकत नव्हते, मावशी," तो म्हणाला. "माझ्यासाठी थोडा वेळ मागून घेत होते. मला लागत होता तेवढा." पुढच्या वर्षी फॉर्मलच्या अर्जात, पाहुण्याच्या रकान्यात, त्याने आपल्या मित्राचं नाव लिहिलं. ते कोणी सुचवलं नव्हतं, कोणी आग्रह केला नव्हता. त्याच दिवाळीत त्याने ताईला फोन करून सांगितलं. ताई तीन आठवडे त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलली नाही. मग एका रात्री मला फोन केला आणि पहिलं वाक्य हेच, "तुला आधीपासून माहीत होतं?" मी हो म्हणाले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं आता भांडेल. ती म्हणाली, "आणि त्या पोरांनाही?" तिला बोचलं ते मला बोचलेलंच. आता ती महिन्यातून एकदा 'देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज'च्या ऑनलाइन बैठकीला बसते. सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवायची. परवा म्हणाली, तिथली एक तमिळ बाई छान बोलते, तिचा नंबर घेतलाय.

भाचा मे महिन्यात पास होऊन डेन्व्हरला नोकरीला लागला. उंच मुलगा त्याच्या आधीच गेला होता. ते घर मात्र चालू आहे, भाडं वाढलं म्हणून दोन मुलं जास्त घेतली आहेत. डिसेंबरात सेमिस्टर संपली की विद्यापीठाची हॉस्टेलं बंद होतात, महिनाभर कोणाला राहू देत नाहीत. ज्याला घरी जाता येत नाही त्याने कुठे जायचं, याचा विचार त्या पत्रकात कुठेही नसतो. थँक्सगिव्हिंगनंतर मला वारली काढणाऱ्या त्या तेलुगू मुलाचा मेसेज आला. आता तो तिथला प्रेसिडेंट आहे. "आंटी, आमच्या नव्या मुलांतला एक जण सुट्टीत घरी जाणार नाही. घरच्यांनी येऊ नको म्हटलंय. आम्ही सगळे आठवडा आठवडा वाटून घेतोय. तुमच्याकडे नाताळचा आठवडा चालेल का?" मी लगेच हो कळवलं आणि दोन गोष्टी विचारल्या. तो काय खातो, आणि आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याच्याबद्दल काय सांगायचं. उत्तर त्या मुलाने स्वतः पाठवलं. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आणि लोकांना सांगा, तुमच्या भाच्याचा भाऊ आहे.